पालकांची साक्ष

१

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ससेक्स परगण्यात सीफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. तेथे डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन हे डॉक्टर व्यवसाय करीत असत. ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता पर्सी नावाचा चौदा वर्षांचा एक मुलगा. पर्सी चुणचुणीत होता, खेळात तरबेज होता, अंकगणित त्याला आवडत असे. मात्र सात वर्षे शाळा आणि घरगुती शिक्षक यांचे अखंड परिश्रम होऊनही त्याला वाचता येत नव्हते. एकाक्षरी शब्दांपलीकडे त्याची गाडी जात नसे. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी. डोळ्यांत दोष नव्हता, बुद्धीत दोष नव्हता. मॉर्गन यांनी या स्थितीला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. आज आपण जिला डिस्लेक्सिया म्हणतो त्या स्थितीच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या टिपणापासून केला जातो.

इतिहास सांगताना या टिपणातील डॉक्टर लक्षात राहतो आणि मुलगाही लक्षात राहतो. त्यात आणखी दोन माणसे आहेत, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. एक म्हणजे पर्सीचे शिक्षक. सारे शिक्षण तोंडी झाले असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्यांचे मत मॉर्गन नोंदवतात. दुसरे म्हणजे पर्सीचे वडील. या मुलाला मुळाक्षरे शिकवतानाच अतोनात कष्ट पडले आणि ती त्याला कधी येतील असे घरच्यांना वाटलेच नव्हते, ही माहिती डॉक्टरांना वडिलांकडून मिळाली. डॉक्टरांनी मुलाला तपासले ते चौदाव्या वर्षी. त्यापूर्वीची सात-आठ वर्षे कोणी तरी त्या मुलाशेजारी बसून एकेक अक्षर गिरवून घेत होते, ते विसरले जाताना पाहत होते, आणि तरीही 'मुलगा मठ्ठ आहे' हा सोपा निष्कर्ष नाकारत होते. तो नाकारला गेला नसता तर पर्सी डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचलाच नसता.

प्रस्तुत लेखात आम्हांला या इतिहासाची ही दुर्लक्षित बाजू मांडायची आहे. वाचनाची अडचण असलेल्या मुलांचा इतिहास हा वैद्यकशास्त्राच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो तितकाच पालकांच्या साक्षीचा इतिहास आहे. ही साक्ष कोणाची ऐकली गेली आणि कोणाची ऐकली गेली नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

२

हा विषय आमच्याकडे ग्रंथालयातून आलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पुस्तकांना भिंती अपुऱ्या पडतात. अशा घरातला आमचा मुलगा तिसरीत गेला तरी 'घर' आणि 'धर' यांत गोंधळत होता. जोडाक्षर आले की तो पुढचा शब्द अंदाजाने म्हणून टाकी. पहिली दोन वर्षे आम्ही त्याला आळशी म्हटले. लक्ष नाही, धरसोड वृत्ती आहे, टीव्ही फार पाहतो, अशी कारणे शोधली. एकच उतारा दहा दहा वेळा लिहून घेतला. एका संध्याकाळी दहाव्या वेळीही 'विद्यार्थी' हा शब्द चौथ्याच प्रकाराने लिहिलेला पाहून त्याच्या हातावर पट्टी मारली. ज्या भाषेवर आमचे पोट चालते तिच्याच नावाने आम्ही आमच्या मुलाला मारले, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

घरात वेगळे मत होते ते आजीचे. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ती म्हणायची, "अरे, त्याला ऐकलेलं सगळं येतं. तुम्ही त्याला वाचून दाखवा की." रात्री ऐकलेली गोष्ट तो सकाळी तपशिलासह सांगत असे, हे तिने पाहिले होते आणि आम्ही पाहिले नव्हते. पुढे मॉर्गन यांचे टिपण वाचताना पर्सीच्या शिक्षकाच्या त्या मतापाशी आम्ही थबकलो. ससेक्समधला शाळामास्तर आणि आमची आजी एकच गोष्ट सांगत होती.

३

ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच का 'सापडली', हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शब्दांधत्वाची कल्पना जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये मांडली. डिस्लेक्सिया हा शब्द श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८० च्या दशकात रूढ केला. त्या दोघांपुढे होते ते मोठेपणी मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेले रुग्ण. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अशाच रुग्णांविषयी लिहिले आणि ते वाचून मॉर्गन यांना पर्सीचा उलगडा झाला. हिन्शेलवुड यांनी नंतर मुलांकडे लक्ष वळवले. एकाच कुटुंबातील अनेक भावंडांत ही अडचण असते हे त्यांनी नोंदवले आणि अशा मुलांना वर्गात न शिकवता एकेकट्याने शिकवावे असा आग्रह धरला. १९१७ सालचे त्यांचे पुस्तक या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक होय.

पण वैद्यकीय कारणाहून सामाजिक कारण मोठे आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची पायाभरणी झाली आणि १८८० मध्ये ते सक्तीचे झाले. ज्या समाजात बहुतेकांना वाचता येत नाही, त्या समाजात वाचता न येणे ही अडचण नसते. प्रत्येकाने वाचलेच पाहिजे असे ठरले तेव्हा न वाचू शकणारा मूल म्हणून वेगळा दिसू लागला. आपल्याकडे शतकानुशतके साहित्य हे प्रामुख्याने ऐकण्याची वस्तू होती. चातुर्मासात देवळात पोथी लागे, एक जण वाची आणि गाव ऐके. कीर्तनात अभंग कानांनी पाठ होत, ओव्या जात्यावर एका पिढीकडून दुसरीकडे जात. त्या श्रोत्यांत अनेक पर्सी असतील. त्यांना कोणी हिणवले नसेल, कारण त्यांच्या हाती कोणी पुस्तक दिलेच नव्हते.

म्हणून पूर्वीचा काळ चांगला होता असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ज्यांच्या हाती पुस्तक दिले गेले नाही त्यांत बहुजन समाज होता आणि स्त्रिया होत्या. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढील निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली ती याच वंचनेच्या विरोधात. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचे शिक्षण लागू केले. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात मांडलेले विधेयक फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय घेतला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्तीमागचा हेतू थोरच होता. आमच्या विषयाच्या दृष्टीने एवढेच लक्षात घ्यायचे की, शिक्षणाच्या कायद्यात पालक प्रथम आला तो चुकार म्हणून. मुलाला शाळेत पाठवणे हे त्याचे कर्तव्य ठरले. शाळेत गेलेल्या मुलाचे काय झाले याविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार पुष्कळ नंतर आला.

४

तो अधिकार कसा आला याची गोष्ट अमेरिकेत घडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे या मुलांना शिकवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. आयोवातील सॅम्युएल ऑर्टन या वैद्यांनी १९२५ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेने त्यांच्यासोबत अशी अध्यापनपद्धती रचली की मुलाने अक्षर डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे, तोंडाने उच्चारावे आणि हाताने गिरवावे, हे सारे एकाच वेळी. ग्रेस फर्नाल्ड यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात बोटाने शब्द गिरवून शिकण्याची पद्धत सविस्तर सांगितली.

पद्धती होत्या, पण त्या थोड्यांनाच उपलब्ध होत्या. सरकारी शाळांत या मुलांना जागा नव्हती, कारण त्यांच्या स्थितीला सर्वमान्य नावच नव्हते. कोणी त्यांना मेंदूला सूक्ष्म इजा झालेली मुले म्हणे, कोणी आकलनबाधित म्हणे. ६ एप्रिल १९६३ रोजी शिकागो येथे अशा मुलांच्या पालकांची परिषद भरली. तीत शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे अध्ययन अक्षमता ही संज्ञा पालकांपुढे ठेवली. गंमत अशी की त्याच भाषणात त्यांनी लेबलांपासून सावध राहण्याचा इशाराही दिला होता. नाव दिल्याने आपल्याला समाधान मिळते, मुलाला मदत मिळतेच असे नाही, असा त्यांचा रोख होता. पालकांनी इशारा ऐकून घेतला आणि संज्ञा उचलली. नावाशिवाय सरकारदरबारी अर्जही करता येत नाही, हे त्यांना कर्क यांच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पुढच्याच वर्षी त्यांनी देशव्यापी संघटना स्थापन केली. १९६९ मध्ये या मुलांसाठी पहिला संघीय कायदा झाला. १९७५ च्या व्यापक कायद्याने प्रत्येक अपंग मुलासाठी वैयक्तिक शिक्षण-आराखडा आवश्यक केला आणि तो आखणाऱ्यांत पालकांना हक्काचे स्थान दिले. दंड भरणारा पालक सहीचा धनी झाला.

तेव्हा या विषयातली सर्वांत प्रचलित संज्ञा पालकांच्या सभेत रुजली. भाषेच्या अभ्यासकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संज्ञा घडवतो तज्ज्ञ, पण ती चालवतो तो समाज, ज्याला तिची गरज असते.

ब्रिटनमध्ये याच प्रक्रियेला वेगळा अडथळा आला. लंडनमध्ये १९६२ साली शब्दांध मुलांसाठी केंद्र सुरू झाले, ते १९७२ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. या काळात आणि नंतरही एक टोमणा सतत ऐकू येई : डिस्लेक्सिया म्हणजे मध्यमवर्गीय आईबापांनी आपल्या मंद मुलांसाठी शोधलेला प्रतिष्ठित शब्द. या टोमण्यात पालकांची साक्ष खोटी ठरवली जात होती. संशोधन मात्र पालकांच्या बाजूने गेले. १९७० च्या दशकापासून हे स्पष्ट होत गेले की अडचण डोळ्यांत नाही आणि सामान्य बुद्धीतही नाही. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि त्यांची चिन्हांशी सांगड घालणे येथे ती आहे. नेत्रवैद्यांनी 'अंधत्व' म्हणून पाहिलेली गोष्ट मुळात भाषेची होती.

तरी त्या टोमण्यातला एक अंश खरा होता आणि तो सोडून देता येत नाही. मध्यमवर्गीय पालकच बोलू शकत होते. शिवाय १९७५ च्या अमेरिकी कायद्यातील व्याख्येने एक दार बंद केले होते : मुख्यत्वे आर्थिक, सांस्कृतिक वा परिस्थितिजन्य वंचनेमुळे येणारी अडचण या संज्ञेत धरायची नाही. हेतू असा की गरिबीला आजार म्हटले जाऊ नये. परिणाम असा की गरीब मुलाची अडचण गरिबीच्याच खाती जमा होऊ लागली. त्याला दोन्ही असू शकतात, हे लक्षात येणे कठीण झाले.

५

आता आपल्याकडे वळू. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणसंस्थांचा मुंबईतला इतिहास पाहिला तर तेथेही आरंभी आईवडीलच भेटतात. जय वकील शाळा १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केली. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तिच्यामागेही मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होता. या दोन्ही ठिकाणी मुलांचे वेगळेपण दिसणारे होते. वाचनाची अडचण दिसत नाही, म्हणून तिला वेळ लागला. १९९५ च्या केंद्रीय अपंग व्यक्ती कायद्यात तिचा समावेश नव्हता.

१९९६ हे महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी मुंबईत पालक आणि तज्ज्ञ यांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी राज्य शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, असे त्यांचे स्वरूप होते. देशात इतर राज्ये या प्रश्नाकडे फारशी वळलेली नसताना हे झाले, याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. मॉर्गन यांच्या टिपणानंतर बरोबर शंभर वर्षांनी पर्सीला दहावीच्या परीक्षेला बसता येणार होते.

मात्र सवलतीसाठी प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्रासाठी चाचणी हवी, आणि चाचणी कोणत्या भाषेत, हा प्रश्न होता. उपलब्ध साधने प्रामुख्याने इंग्रजीतली. प्रमाणपत्र देणारी रुग्णालये मोजकी आणि शहरातली. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मुलाला जे मिळू शकत होते ते मराठी शाळेतल्या मुलाला मिळणे दुरापास्त होते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेले 'डाली' हे साधन २०१५ मध्ये उपलब्ध झाले. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश मान्य अपंगत्वांच्या यादीत केला. म्हणजे मराठीतून वाचायला अडखळणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतले प्रमाणित मोजमाप आणि केंद्रीय कायद्याचे संरक्षण या दोन्ही गोष्टी मिळून अजून फार वर्षे लोटलेली नाहीत.

मराठीत चाचणी वेगळी हवी याचे कारण लिपीत आहे. इंग्रजीची सव्वीस अक्षरे लवकर येतात आणि त्यांच्या उच्चारांची अनियमितता छळते. देवनागरीत उच्चार बरेच नियमित, पण चिन्हांचा पसारा मोठा. बाराखडी, जोडाक्षरे, रफार धरले तर मुलाला शेकडो आकृती ओळखाव्या लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचनाविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की अशा लिपीत अक्षरांवर प्रभुत्व यायला इंग्रजीच्या तुलनेत पुष्कळ अधिक वर्षे लागतात. शिवाय 'कि' लिहिताना जी वेलांटी आधी येते ती उच्चारात नंतर येते. रफार उच्चारात आधी आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ध आणि घ, भ आणि म, प आणि ष यांत फरक एका गाठीचा किंवा एका रेघेचा. आम्हांला हे सारे सवयीने अदृश्य झाले होते. मुलाशेजारी बसल्यावर आमचीच लिपी आम्हांला नव्याने दिसली.

६

घरी आम्ही काय केले, हेही थोडक्यात सांगायला हवे. विशेष शिक्षिकेने पहिली गोष्ट सांगितली ती दहा वेळा लिहून घेणे बंद करण्याची. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर काढायचे, काढताना मोठ्याने उच्चारायचे. एका आठवड्यात दोनच अक्षरे. घ आणि ध एकत्र कधीही नाहीत. रोज वीस मिनिटे, त्यापेक्षा अधिक नाही. आणि रात्री पुस्तक आम्ही वाचायचे, त्याने ऐकायचे. वाचन शिकणे आणि पुस्तकाचा आनंद घेणे या दोन गोष्टी काही वर्षे वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे पहिलीतले अपयश दुसरीला बाधत नाही. हे शेवटचे सूत्र आम्हांला, साहित्याच्या शिक्षकांना, सर्वांत अवघड गेले आणि सर्वांत उपयोगी पडले.

रव्याचे ताट पाहून आजीला धूळपाटी आठवली. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर अक्षरे गिरवली जात. फर्नाल्ड यांचे बोटाने गिरवणे आणि मारिया माँटेसरी यांची खरकागदाची अक्षरे यांच्याशी धूळपाटीचे नाते दिसते. माँटेसरींनी आपल्या पद्धतीचा आरंभ रोममध्ये 'मंद' ठरवलेल्या मुलांपासूनच केला होता, आणि १९०७ मध्ये तेच तत्त्व सर्व मुलांसाठी वापरले. तरीही आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह आवरायला हवा. धूळपाटी कागद महाग म्हणून आली होती, आणि त्याच शाळेत छडीही होती. साधन तेच असले तरी ते कोणत्या श्रद्धेने वापरले जाते यावर सगळे अवलंबून असते. न येणाऱ्या मुलाने आणखी गिरवावे असे मानणारी शाळा आणि न येणाऱ्या मुलासाठी आपण वेगळे काही करावे असे मानणारी शाळा, यांत अंतर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली तेव्हा त्यांनी हेच अंतर कापले होते. त्यांनी मुलांना दोष न देता शाळेची जागा बदलली.

येथे २००७ च्या 'तारे जमीन पर' या हिंदी चित्रपटाचा उल्लेख अपरिहार्य आहे. अमोल गुप्ते यांच्या लेखनातून साकारलेल्या या चित्रपटाने एका वर्षात जे केले ते अनेक परिसंवादांना जमले नसते. डिस्लेक्सिया हा शब्द त्याने स्टाफरूममध्ये आणि स्वयंपाकघरात नेला. पण त्याच्या रचनेविषयी एक निरीक्षण नोंदवतो. त्यात कळणारा माणूस शिक्षक आहे आणि न कळणारे आईवडील. मुलाला वसतिगृहात पाठवणारे वडील आम्हांला परके वाटले नाहीत, आम्हीही तेथवर पोहोचलोच होतो. तरीही इतिहासात हा क्रम पुष्कळदा उलटा आहे. मुलगा मठ्ठ नाही हे आधी घरात कळते आणि शाळेला पटवून देण्यात वर्षे जातात. कथेला एक तारणहार लागतो. इतिहासात मात्र कोण्या वडिलांचे एखादे वाक्य असते, तेही डॉक्टरांच्या टिपणात.

७

आता आमच्या व्यवसायाकडे येतो, कारण हा लेख शेवटी आपल्यासारख्यांनाच उद्देशून आहे.

आपण सारे दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिका तपासतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये आणि आणखी चार १९७२ मध्ये आले. ते एका सामंजस्यातून आले आणि त्यांची गरज आहे. पण उत्तरपत्रिकेवर ते आपण बुद्धिमत्तेचे आणि संस्काराचे माप म्हणून वापरतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले उत्तर आपण उताविळीने वाचतो आणि त्यातला विचार हाती लागण्यापूर्वीच गुण ठरवून टाकतो. प्रमाणपत्र असलेल्याला सवलत असते. प्रमाणपत्र ज्याच्यासाठी कोणी मागितलेच नाही, त्याचे काय?

आमची समजूत अशी होती की अशा विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याचे आईवडील शिकलेले नसतात, मूल कोणत्या वयात किती वाचायला हवे याचा त्यांना अंदाज नसतो, म्हणून ते साक्ष देऊ शकत नाहीत. लेखाचा पहिला आराखडा आम्ही याच वाक्यापाशी संपवला होता. तो आम्हांला बदलावा लागला.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. सहा महिने गाव, सहा महिने कारखान्याचा तळ, अशी तिची शाळा झालेली. वर्गात दलित आत्मकथनांवर चर्चा चाले तेव्हा ती अशी काही बोले की आम्ही आमची टिपणे बाजूला ठेवत असू. लेखी परीक्षेत तिला अठरा गुण मिळाले. उत्तरपत्रिकेत वाक्ये अर्ध्यावर तुटलेली, जोडाक्षरे सुटी झालेली, एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला. ही शाळा बुडाल्याची खूण होती की आमच्या मुलाच्या वहीत पाहिली तीच गोष्ट, हे आम्हांला ठरवता आले नाही. व्याख्येप्रमाणे पहिली शक्यता असली की दुसरी तपासायचीच नसते. ती पुढच्या सत्रात आली नाही, तेव्हा आम्ही दिलेल्या क्रमांकावर फोन केला. वडिलांनी उचलला. मुलीने शिक्षण सोडू नये असे आम्ही सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय हो सर. बारकी होती तवापासून बघतोय मी. सगळं तोंडी सांगती. कागदावर उतरत न्हाई, येवढंच."

एवढ्या एका वाक्यात १८९६ च्या त्या टिपणातले सारे होते. लहानपणापासूनचे निरीक्षण होते, बुद्धीवरचा विश्वास होता, तोंडी आणि लेखी यांतला भेद होता. पर्सीच्या वडिलांचे म्हणणे डॉक्टरांनी लिहून घेतले. या वडिलांचे म्हणणे बारा वर्षांत कोणी विचारलेही नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागांवर बसलेल्यांना आपण मुलाविषयी काय विचारतो, हे तपासून पाहावे लागेल.

ती मुलगी परत आली. विभागाच्या सभेत आम्ही तिच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तोंडी परीक्षेवर द्यावेत असे सुचवले. प्रश्न आला की कोणत्या प्रमाणपत्राच्या आधारे. आमच्याकडे प्रमाणपत्र नव्हते. आम्ही तिच्या वडिलांचे वाक्य सांगितले आणि ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे अशी विनंती केली. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी वीस गुणांची तोंडी मान्य झाली. इतिवृत्तात कारण लिहिले गेले ते असे : पालकांचे म्हणणे.